उसनी छाती

आमच्या घरी गूळ विकत आणल्याचं मला आठवत नाही. तो कारखान्यातून यायचा. दादा, म्हणजे माझे वडील, मंचरच्या पुढे रस्त्याला लागून असलेल्या सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यात कामाला होते. तो कारखाना आता नाही, आणि त्याचं नाव लिहायची माझी इच्छाही नाही. पहिली पाळी दुपारी तीनला सुटायची. कारखान्याचा भोंगा अवसरी बुद्रुकपर्यंत ऐकू यायचा नाही, पण आईला वेळ कशी कोण जाणे कळायची. ती बरोबर तेव्हा चुलीत लाकूड सारून आंघोळीचं पाणी तापायला ठेवायची. चारच्या सुमारास दादा सायकलीवरून यायचे. डब्याच्या वरच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुळाचा खडा असायचा, माझ्या मुठीएवढा. निम्मा कारखान्यातच मुकादमासमोर उभं राहून खायचा आणि निम्मा घरी न्यायचा, अशी पद्धत होती. आमची आमटी, शेंगदाण्याचे लाडू, संक्रांतीच्या पोळ्या, सगळं त्या गुळावर व्हायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, तुमचं बरं आहे बाई, कंपनी गोड तोंड करून घरी पाठवती.

मला लहानपणापासून मोजायची खोड आहे. पायऱ्या, भाकरी, मांडवावरच्या वेली, काहीही. गूळही मी मोजला, म्हणजे कुणाला किती मिळतो ते विचारून घेतलं. दादा गोणीघरात होते. बाहेरून आलेल्या गोण्या फोडून आतला माल मिक्सरच्या तोंडात ओतायचा, हे तिथलं काम. गोणीघरातल्या माणसाला दादांच्या मुठीएवढा खडा. मिक्सरवर उभं राहणाऱ्याला त्याच्या निम्मा. बाहेर यार्डात पाइप रचणाऱ्याला सुपारीएवढा. ऑफिसात बसणाऱ्याला काहीच नाही. मी आठवीत असताना दादांना विचारलं, असं का.

"गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरती," दादा म्हणाले.

"मग ऑफिसवाल्यांना का देत न्हाईत?"

"त्यांच्याकडं धूळ कुठंय?"

एवढं बोलून ते जेवायला लागले. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही. धुळीनं काही होत नसेल, तर गूळ कशाला? आणि होत असेल, तर गुळावर भागतं हे कुणी ठरवलं? कारखान्यात ज्याला जितकी धूळ, त्याला तितका गूळ. म्हणजे कोण किती धूळ खातो हे कुणीतरी नीट पाहून ठेवलं होतं. हा विचार मी तेव्हा इतक्या स्वच्छ शब्दांत केला नसेल. पण तेव्हापासून तो गूळ मला आवडेनासा झाला, एवढं खरं. लाडू केले की मी शेंगदाणेच तेवढे वेचून खायची आणि आई ओरडायची.

गोण्यांमध्ये जे यायचं, त्याला कारखान्यात 'रुई', म्हणजे कापूस, म्हणायचे. आई म्हणायची, 'दगडाची लोकर'. तिचं माहेर लोणी गावचं, मेंढरं राखणारं. लोकर म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नव्हतं. करड्या-पांढऱ्या, रेशमासारख्या मऊ तंतूंचे पुंजके दादांच्या विजारीच्या दुमडीत, खिशात, कानामागच्या केसांत अडकलेले असायचे. ते आले की आई त्यांचा शर्ट अंगणातल्या पेरूच्या झाडाशी नेऊन झटकायची. दुपारच्या उन्हात ती धूळ चकाकायची आणि बराच वेळ तिथंच राहायची, खाली बसायचीच नाही. मी पायरीवर बसून अभ्यास करायची आणि ते बघायची. सुंदर दिसायचं, हे मी नाकारणार नाही. कपडे मी धुवायची. तोंडाला बांधायला दादांकडे एक पंचा होता, आठवडाभर तोच. धुतला की त्याचं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरट निघायचं. रिकाम्या झालेल्या गोण्या माणसं घरी आणायची, चांगल्या जाड तागाच्या. आमच्या घरात तीन होत्या: एक दाराशी पाय पुसायला, एक बाजरीला, एक शेळीच्या अंगावर थंडीत टाकायला.

गेल्या उन्हाळ्यात इथं डिंगोऱ्याला, माझ्या सासरी, गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे होते, तीच रुई घातलेले. तीन माणसं हातोडे घेऊन आली. मी म्हटलं, हातोडे पिशवीत ठेवा. आधी पत्र्यांवर पाणी मारा, नट पान्यानं सोडवा, पत्रा अख्खा खाली उतरवा, फोडायचा नाही, कापायचा नाही, आणि तोंडाला हे लावा. नाकावर घट्ट बसणारे मास्क मी पुण्याहून मागवून ठेवले होते. त्यातला एकजण हसत म्हणाला, "काकू, पत्रा हाय वो, बाँब न्हाई." मी सांगितलं, मास्क लावणार नसशील तर शिडीला हात लावू नकोस. त्यानं लावला. माझी पाठ वळल्यावर तो दुसऱ्याला काय म्हणाला ते मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. माणसाला पटवायला वेळ लागतो. तोवर त्यानं मास्क लावलेला असला म्हणजे झालं.

तिकडे अवसरीत शिरताना एक चढ होता. मी पाचवीत असताना दादा तो चढ सायकलीवरून, उभ्यानं पायडल मारत चढायचे. नववीत असताना ते उतरून चालत चढू लागले. दहावीला मधे एकदा थांबायचे, सायकलीची चेन बघितल्यासारखं करायचे. मी बारावीला गेले तेव्हा तीनदा थांबत होते, आणि चेनीकडे बघायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. मी रोज ओट्यावरून मोजायची. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "वय झालं आता." दादा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

पण कारखान्याचं म्हणणं वेगळं होतं. दर वर्षी पावसाळा सरता सरता पुण्याहून एक गाडी यायची, छातीचा फोटो काढायची. महिन्याभरानं प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळायची. दादांच्या नावापुढे, टोकन नंबर एकशे सतरा, 'फिट' असा शिक्का असायचा. गेल्या चार वर्षांच्या चार चिठ्ठ्या देवाच्या फोटोमागे खोचलेल्या होत्या. त्या वर्षी कुणीतरी वरून विचारणा केली म्हणून की काय, गेल्या खेपेच्या फोटोची फिल्मसुद्धा पाकिटात घालून घरी दिली. मी त्या चार शिक्क्यांकडे बघायची आणि चढावरच्या तीन थांब्यांकडे. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि ते कोण हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. कारखाना फोटो बदलतो, कुणा धडधाकट माणसाचा फोटो दादांच्या नावावर चिकटवतो, अशी माझी खात्री झाली. ती निम्मी बरोबर निघाली, हे मला पुढं कळायचं होतं.

एका रविवारी आईनं मासवड्या केल्या. आमच्याकडे मासवडी म्हणजे सकाळपासूनचा घाट: तीळ-खोबरं भाजायचं, बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत सारण भरून वळायचं, मग वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा. दादा एका बैठकीला आठ-नऊ वड्या खायचे आणि आई त्यावर खूश असायची. त्या दिवशी दोन खाऊन ते थांबले. आई म्हणाली, तिखट झालंय का? ते म्हणाले, नाही. मी बघत होते. त्यांना एका वेळी चावणं आणि श्वास घेणं जमत नव्हतं. घास तोंडात धरून ते दम खात होते. दुसऱ्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती. सकाळी मी कॉलेज बुडवलं आणि पाकिटातली फिल्म काखेत घेऊन त्यांना मंचरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते आले, कारण मी चला म्हटल्यावर आईही पदर खोचून उभी राहिली.

डॉक्टर वयस्कर होते, बोलायला सावकाश. त्यांनी दादांच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ तिथंच ठेवली, खालच्या बाजूला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग मला म्हणाले, "मुली, तुझी एक बट कानाजवळ धर आणि बोटांत चोळ." मी चोळली. बारीक करकर ऐकू आली. "तुझ्या वडिलांनी श्वास घेतला की आत असा आवाज येतोय," ते म्हणाले. "कामाला कुठं आहात?"

"पाइपाच्या कारखान्यात."

"कसले पाइप?"

"सिमेंटचे."

"नुसत्या सिमेंटचे? त्यात काय घालतात?"

"रुई," दादा म्हणाले. "म्हंजे रुईगत असतंय. गोणीतून येतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ॲसबेस्टॉस," ते म्हणाले. तो शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. "गोण्या कोण फोडतं?"

"आमीच."

"तोंडाला?"

"पंचा आसतो."

मग त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. एकदा फिल्मकडे, एकदा दादांकडे, परत फिल्मकडे. "छाती एकदम स्वच्छ आहे," ते म्हणाले, पण आनंदानं नाही. "मी जे ऐकतोय त्यातलं यात काहीच नाही. आणि हे खांद्याजवळचं हाड कधी मोडलं होतं?"

मी फिल्मकडे पाहिलं. बारावीला जीवशास्त्र होतं, हाडं मला पाठ होती. गळ्याखालचं आडवं हाड, उजवीकडचं, मधोमध गाठ येऊन जुळलेलं होतं. मी दादांकडे पाहिलं. ते कधी कशातून पडले, कुठलं हाड मोडलं, असं माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. आता दादा म्हणतील, हा फोटो माझा नाही, आणि माझा संशय खरा ठरेल, म्हणून मी वाट बघत होते.

"ल्हानपणी मोडलं व्हतं," दादा म्हणाले. "झाडावरून पडलो व्हतो."

डॉक्टरांनी बोटांनी त्यांच्या गळ्याखालचं हाड चाचपलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: धुळीचं काम ताबडतोब बंद, पुन्हा एक्स-रे. मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळू म्हणाले, "यावर फिरून बरं करणारं औषध नाही. पुढची धूळ थांबवता येते, एवढंच आपल्या हातात आहे. पण आधी तुझ्या वडिलांचा फोटो काढा. तुझ्या वडिलांचा."

घरी येताना एस.टी.त मी दादांशी बोलले नाही. कारखान्यावर राग धरणं सोपं होतं. तो दूर होता, त्याला तोंड नव्हतं. शेजारी बसलेल्या माणसावर संशय धरणं अवघड. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी त्यांच्या सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून दिसणाऱ्या त्या सरळ, अखंड हाडाकडे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ल्हानपणी काय झालं ते मला काय ठावं? मी तवा कुठं व्हते?" बोलताना ती पीठ मळत होती, आणि मळलेलं पीठ परत मळत राहिली. चार दिवस घरात कुणी कुणाकडे नीट बघितलं नाही. माझ्या लक्षात आलं की तिलाही माहीत आहे. घरात तिघंजण, आणि माहीत नसलेली मी एकटीच.

पाचव्या दिवशी लोणीहून खंडूमामा आला. आईचा धाकटा भाऊ. पन्नास-साठ मेंढरं होती त्याची. उरलेल्या भावांनी शेती धरली होती, यानं कळप सोडला नव्हता. दर वर्षी पावसाळा सरताना तो एक-दोन दिवस आमच्याकडे मुक्काम करायचा आणि मग मेंढरं घेऊन निघायचा. येताना एक घोंगडी किंवा तुपाचा डबा असायचा. आल्या आल्या त्यानं मागच्या दगडावर बसून आंघोळीला सुरुवात केली, उघड्या अंगानं, मोठमोठ्यानं आईशी बोलत. मी पाण्याची बादली घेऊन गेले आणि तिथंच थांबले. त्याच्या उजव्या खांद्याजवळ, गळ्याखालच्या हाडावर, चिंचोक्याएवढा उंचवटा होता. इतकी वर्षं मी तो बघत आले होते.

"मामा, हे काय झालं व्हतं?"

"एडक्यानं मारलं व्हतं. तू तवा पाळण्यात व्हतीस. तुझ्या आयनं हळद लावली आन् म्हनली, मेंढराला नीट बोलत जा."

मी आत जाऊन पाकीट आणलं. फिल्म उन्हाकडे धरली. मामानं ओले हात मांडीला पुसले आणि डोळे बारीक करून बघितलं. त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"हा माझाच की. दे इकडं. लई दिस बघायचा व्हता."

"खंडू," आईनं चुलीपासून हाक मारली.

"आता लपवून काय, आक्का? पोरगी बारावी शिकलीय, हाडं मोजती." मग माझ्याकडे वळून, "चार सालं झाली. गाडी येती, रांगंत उभं रहायचं, आत येक मानूस म्हनतो शर्ट काढा, श्वास धरा, हलू नका. झालं. नाव इचारलं की तुझ्या बापाचं सांगायचं, येकशे सतरा सांगायचं. मला वाटलं हजेरीगत कायतरी आसंल. काय म्हनला मग डाक्तर?"

"छाती निरोगी हाय म्हणाले."

"बघ." त्यानं छातीवर थाप मारली. "डोंगरातली हाय."

"तुझी निरोगी हाय मामा. दादांची चार वर्षं कुणी बघितलीच न्हाई."

मामाचा छातीवरचा हात खाली आला. अंगावरचं पाणी तसंच, तो दगडावर बसून राहिला. नंतर धोतर नेसून दाराशी आला, तिथल्या गोणीवर पाय पुसले आणि पुसता पुसता खाली वाकला. गोणीच्या शिवणीत एक पुंजका अडकलेला होता. त्यानं तो नखांनी ओढून काढला, अंगठा आणि बोटात धरला, जशी लोकर विकत घेणारा माणूस धरतो तसा. चोळला. एक तंतू वेगळा केला, तो उभा फाडला, त्याचे दोन झाले. त्यातला एक फाडला, त्याचेही दोन. उन्हात धरून तो बराच वेळ ते करत होता.

"आक्का, लोकर चोळली तर पिळा बसतो, जाड व्हती. ही बारीकच व्हत चाललीय. हिला शेवटच न्हाई." त्यानं बोटं झटकली आणि धूळ हवेत राहिली. "आमी मेंढरं कातरतो तवा केस उडत्यात, पन खाली पडत्यात. शिंका येत्यात, बाहीर पडत्यात. ही नाकात गेली तर बाहीर कोन काढनार?"

त्यानं ती गोणी दोन बोटांनी उचलली, पेरूपलीकडे नेली, त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. बाजरीची आणि शेळीचीही आणायला लावली. आई म्हणाली, चांगल्या गोण्या हायेत. तो म्हणाला, असू दे.

दादांची पाळी बदलली होती, ते चारला आले. मामानं त्यांना हातपाय धुवायचीही सवड दिली नाही. "दाजी, मी ह्या साली उभा न्हाई राहनार."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे, आणि ओट्यावर बसले. मी विचारलं, असं का केलंत? त्यांनी जे सांगितलं ते थोडं होतं. गाडी पहिल्यांदा आली त्या वर्षी गोणीघरातल्या दोघांच्या फोटोत डाग निघाला. टीबी आहे असं सांगून दोघांना घरी बसवलं, परत बोलावलं नाही. त्यातला एक पुढच्या वर्षी गेला. त्यानंतर माणसं भाऊ, मेहुणे, साडू आणून उभे करू लागली.

"किती माणसं?" मी विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. गोणीघरात बावीसजण होते. "चौदा."

"बाकीच्या आठांचा फोटो खरा असतो?"

"त्यांचा खरा. ती नवी हायेत."

आई मागे उभी होती, ती आत निघून गेली. दादा म्हणाले, "मी चोरी केली मुकादमाची, ते मला ठावं हाय. पन मला काढलं तर काय करू?"

"माझ्याकडं या," मामा म्हणाला.

"मी मेंढरं राखू?"

"राखता येनार न्हाई तुमाला. चुकवून याल. पन मेंढरामागं गूळ खावा लागत न्हाई."

दादा हसले, आणि हसताना खोकला लागला. तो थांबेपर्यंत आम्ही तिघंही दुसरीकडे बघत राहिलो. तो थांबल्यावर मी वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला: मला श्वासाचा त्रास आहे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, मला गोणीघरातून काढून यार्डात काम द्यावं. दोन प्रती केल्या, एक पोच घ्यायला. दादांनी सही केली, पण म्हणाले, "बघू." त्यांचा जीव अजून मुकादमाला फसवल्याच्या ओझ्याखाली होता. चार वर्षं ते त्या माणसासमोर मान वर करून बोलले नव्हते. रविवारी जादा काम सांगितलं तर जायचे. कुणी आजारी पडलं तर त्याच्या वाटच्या गोण्या फोडायचे. तो आपल्यावर उपकार करतोय आणि आपण त्याला लुबाडतोय, असं त्यांना वाटायचं. हे मला त्या दिवशी समजलं आणि कारखान्यावरच्या रागापेक्षा ते मला जास्त लागलं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला जमत नाही. दादा त्यानंतर अकरा वर्षं होते. सहा वर्षं बरी गेली, तीन ओढाताणीची, शेवटची दोन खाटेवर. ती सहा बरी वर्षं कुठून आली हे मला कुणी सिद्ध करून देऊ शकणार नाही. मी मात्र ती गोणीघर सुटल्याच्या दिवसापासून मोजते.

त्या साली गाडी आली तेव्हा ऊन होतं. कारखान्याच्या फाटकावर लोखंडी कमान होती आणि गाडी तिच्यापेक्षा उंच, त्यामुळे ती बाहेर रस्त्याकडेला उभी राहायची. आत यायला टोकन लागायचं, बाहेरच्या रांगेला काही लागत नव्हतं. म्हणून तर हे सगळं इतकी वर्षं चाललं. मी मामाबरोबर बाभळीखाली उभी होते. रांगेत तीस-पस्तीस माणसं. त्यांतली काही कारखान्याची वाटत नव्हती. त्यांचे रंग उन्हातले होते, गोणीघरातल्या माणसांसारखे फिके नव्हते. मी मोजू लागले, पण मामा म्हणाला, बोट दाखवू नको.

दादा रांगेत शेवटून चौथे होते. मुकादम वही घेऊन रांगेबाजूनं हिंडत होता, नावापुढे खुणा करत. दादांपाशी आला तेव्हा थांबला. मग वही मिटून बाभळीकडे आला, मामाजवळ, आणि आवाज खाली आणून, अगदी काळजीनं, म्हणाला, "पावणं, आज तुमी न्हाई व्हय? दाजीला कशाला उनात उभं केलंय? तुमी या की, मी नाव पुढं घेतो."

दहा पावलांवर दादा होते. त्यांनी ते ऐकलं. रांग सोडून ते आमच्याकडे आले.

"तुमाला ठावं व्हतं?"

"आता ठावं म्हंजे काय राव," मुकादम म्हणाला. "डोळे हायेत की मला. खंडू पावण्याला दर साली मीच तर पानी दिलं. तुमचं बी चाललंय, आमचं बी चाललंय. वर समद्या फायली फिट जात्यात. त्यात कुनाचं काय बिघडलं?"

दादांनी त्याच्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा, मान वर करून. मग खिशातून अर्ज काढला आणि त्याच्या वहीवर ठेवला. "वाच आन् पोच दे."

"आधी फोटो येऊ द्या, मग बघू."

"फोटो येईस्तवर मी गोणी फोडनार न्हाई. हितं फाटकापाशी बसंन, हजेरी लाव नायतर नको लावू."

"असं आडवं बोलू नका, एकशे सतरा."

"मला नाव हाय," दादा म्हणाले, आणि शर्टाच्या गुंड्या सोडू लागले. शर्ट काढून त्यांनी तो नीट घडी घातला आणि मामाच्या हातात दिला. त्यांचं उघडं अंग मी बऱ्याच दिवसांनी दिवसाउजेडी बघितलं. बरगड्या मोजता आल्या असत्या. मी मोजल्या नाहीत. मुकादमानं अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही केली, कारण रांगेतली सगळी माणसं आता इकडेच बघत होती, आणि तो वही सावरत दूर झाला. दादा जागेवर परत जायला निघाले, तर पुढच्या माणसांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

गाडीचं दार उघडंच होतं. आतल्या माणसाचा आवाज बाहेर येत होता, रोज शंभरदा म्हणून कंटाळलेला: "हनुवटी वर. श्वास घ्या. धरा. हलू नका." आणि लगेच दादांचा खोकला. "परत. श्वास घ्या. धरा." परत खोकला. रांगेत कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा त्या माणसाचा आवाज बदलला. तो सावकाश म्हणाला, "काका, घाई नाही. जमेल तेवढाच घ्या. हां. आता धरा." मी नकळत माझा श्वास धरला, शेजारी मामानंही धरला असावा. मग आतून खट्ट आवाज आला.

दादा भिंतीला धरून पायऱ्या उतरले. आतून पुढचं नाव पुकारलं. रांगेतून घोडेगावकडचा एक तरणाबांड माणूस, टॉवेल खांद्यावर टाकून, पुढं झाला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात कमानीच्या आतून, तोंडावरचा पंचा खाली ओढत, गोणीघरातला एकजण बाहेर आला. भुवयांपर्यंत पांढरा झालेला, दादांच्याच वयाचा.

"उतर," तो त्या तरुणाला म्हणाला. "माझं नाव पुकारलंय."